अॅव्हरेजचा हिशेब

आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "अॅव्हरेज किती देते?" मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सरासरी हा शब्द वर्षातून शंभर वेळा तरी फळ्यावर लिहीत असेन. तरीही मे महिन्यातल्या एका प्रवासात याच शब्दाने मला असे फसवले की, त्याची लाज अजून वाटते.

आमचे कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. बेळगावातल्या अनेक घरांप्रमाणे आमचेही मूळ गोव्यात. आईला दर्शनाला जाऊन नऊ वर्षे झाली होती. गुडघे गेलेले आणि अर्ध्या-पाऊण तासाला बाथरूमला जावे लागते, त्यामुळे बस नको, कारही नको. शेवटी एकाने तोड सांगितली. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटारहोम भाड्याने मिळते. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन, संडास. दिवसाचे भाडे ठरलेले, डिझेल आपले. मालक म्हणाला, "दहाचं अॅव्हरेज आहे सर, डोळे झाकून धरा."

आई, मावशी, मी आणि सौ. असे चौघे निघालो. ड्रायव्हर खानापूर तालुक्यातला, तिशीतला, कमी बोलणारा. पहाटे बेळगावात टाकी काठोकाठ भरली आणि मी वहीत किलोमीटरचा आकडा लिहिला. अॅव्हरेज काढण्याची खात्रीची रीत एकच, टाकी फुल्ल ते फुल्ल. काट्यावर विश्वास ठेवू नये.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला महाराष्ट्रात शिरलो. पाटणे फाटा, नागनवाडी करत आंबोलीला चहा घेतला. घाट उतरून दुपारी सावंतवाडीत मोती तलावाकाठी जेवणासाठी थांबलो. आई-मावशी आतच जेवल्या आणि तिथेच दीड तास झोपल्या. बाहेर ऊन मी म्हणत होते. पुढे बांदा आणि पत्रादेवी ओलांडून गोव्यात आलो. एका दिवसात तीन राज्ये, पण आईला उतरावे म्हणून गाडी एकदाही थांबवावी लागली नाही. संध्याकाळी फोंड्याजवळ एका मोकळ्या आवारात गाडी लावली. पायऱ्या नकोत म्हणून दोघी म्हाताऱ्या गाडीतच झोपल्या. आम्ही दोघांनी शेजारच्या लॉजवर खोली घेतली.

सकाळी दर्शन झाले. मूळची वेर्ण्याची ही देवी पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात इकडे आली. आई गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसली. देवळातून निघताना ती काही बोलली नाही, फक्त माझा हात घट्ट धरला.

मग फोंड्यात पंपावर गेलो. गाडी चालली होती २१८ किलोमीटर. डिझेल बसले २७.४ लिटर. मी भागाकार केला. आठसुद्धा नाही! दहाच्या हिशेबाने बावीस लिटर पुरायला हवे होते, आणि तेही घाट उतरून आल्यावर. साडेपाच लिटर गेले कुठे? रात्रभर गाडीपाशी एकटा ड्रायव्हरच होता. डिझेल काढून विकण्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. मी पंपावरच, चार लोकांसमोर विचारले, "डिझेल कुठं गेलं?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "गाडी उभ्यानंही पिते ओ सर." बस्स, एवढेच. मला ती पळवाट वाटली.

परतीला उसगाव, साखळी करून केरीवरून चोर्ला घाट धरला. अंजुणे धरणाचे पाणी वळणावळणाला खाली खाली जात होते. गाडीत कोणी बोलत नव्हते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे चहाला थांबलो. मी सौ.ला हलक्या आवाजात सांगत होतो की मालकाकडे याची तक्रार करायला हवी. मावशीच्या कानावर ते गेले.

"अरे, काय बोलतोस?" ती म्हणाली. "रात्री बारालाच लाइट गेली. आम्ही दोघी गुदमरून गेलो. त्या पोरानं इंजिन चालू करून एसी लावला. चार वाजता लाइट येईपर्यंत बाहेर दगडावर बसून होता. म्हणाला, चालू गाडी सोडून झोपायचं नाही आजी, धूर आत आला तर?"

मी वही उघडली. सावंतवाडीचा दीड तास, रात्रीचे चार. साडेपाच तास इंजिन उभ्या गाडीत चालू होते. अशा डिझेल इंजिनाला नुसते चालू राहायला, तेही एसीसह, तासाला सुमारे लिटरभर लागते. साडेपाच लिटरचा हिशेब जिथल्या तिथे लागला. किलोमीटर शून्य, म्हणून माझ्या भागाकारात त्याला जागाच नव्हती. घाट उतरताना जे थोडे वाचले असेल, ते आम्ही चौपदरी रस्त्यावर उडवले. साठऐवजी ऐंशीने गेले की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि ही गाडी म्हणजे उभे कपाट!

बेळगावात पुन्हा टाकी भरली. ११८ किलोमीटरला १३.९ लिटर, म्हणजे साडेआठचे अॅव्हरेज. या वेळी इंजिन उभ्याने चालले नव्हते, पण चढ होता. आमच्या फिजिक्सच्या सरांनी नंतर गणित करून दिले. पाणी, सामान, माणसे धरून चार टनांची गाडी साडेसातशे मीटर वर चढवायला सव्वादोन लिटरच्या वर डिझेल लागते. ते वजा केले तर दहाच येतात. मालक खोटे बोलला नव्हता. फक्त त्याचे दहा सपाट रस्त्यावरचे होते.

एकूण ३३६ किलोमीटर, ४१.३ लिटर, अॅव्हरेज ८.१. कोणी अशी गाडी करणार असेल तर सात-आठच धरावेत. अमेरिकेतल्या मोठ्या मोटारहोमना गॅलनला आठ-दहा मैल मिळतात, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. त्या मानाने आपले बरेच. पाण्याची टाकी गरजेपुरती भरावी, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. वेग साठच्या आसपास ठेवावा. मुख्य म्हणजे मुक्कामाला विजेची जोडणी आहे का, हे आधी विचारावे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण आणले, पण धोरणापेक्षा प्रवाशाला प्लग आणि नळ हवा. तो नसेल तर रात्रीची झोप डिझेलवरच मिळते. आणि वहीत किलोमीटरसोबत तासही लिहावेत.

आमच्या कारने हाच प्रवास निम्म्या डिझेलमध्ये झाला असता. फक्त त्यात आई नसती.

गाडी परत करताना मी ड्रायव्हरला बाजूला घेतले. "माझी चूक झाली. चारचौघांत बोलायला नको होतं."

तो म्हणाला, "राहू दे सर." मग थोडे थांबून म्हणाला, "एक काम कराल? साडेपाच तास गाडी उभी, एसी चालू, एवढं लिहून सही करून द्या. डिझेल तुमचंच, पण मालक वहीत अॅव्हरेज बघतोय. आठ दिसलं की मलाच विचारणार."

मी वहीचे पान फाडले, तारीख घातली, जागा आणि तास लिहिले आणि सही केली. त्याने कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.