टाचेखालचा पत्रा

चांगला पत्रा हातोडीच्या टोल्याला बोलतो. खणखणीत वाजतो आणि क्षणभर अंगात घुमत राहतो. गंजलेला बद्द वाजतो. फारच गंजला असेल तर तो बोलतच नाही, हातोडीच पलीकडे जाते.

काकांच्या ट्रकच्या केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून मिस्त्री असा कानाने पत्रा तपासत चालले होते आणि मी फूटबोर्डवर बसून ऐकत होते. सीट काढून अंगणात ठेवली होती, बॅटरीच्या वायरी सोडल्या होत्या, आणि इतकी वर्षं रबरी मॅटखाली निजलेली ती जागा उघड्या उन्हात आली होती: कुठे काळपट, कुठे विटकरी, कुठे गर्द केशरी, पापुद्र्यावर पापुद्रा चढलेली, आणि ड्रायव्हरच्या बाजूला तर आरपार. तिथून खालचं गवत दिसत होतं.

गाडी टाटा-मर्सिडीजची. जमशेदपूरच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी हातमिळवणी केली आणि १९६९पर्यंत टेल्कोच्या ट्रकांनी नाकावर तीन टोकांचा तारा मिरवला. काकांच्या गाडीवरचा तारा लहानपणी मी पुसायची, थुंकी लावून, फ्रॉकच्या टोकाने. कोल्हापुरातून गूळ घेऊन आंबोली घाटाने खाली उतरायचं आणि शिरोड्याच्या मिठागरांतून मीठ घेऊन वर यायचं, ही काकांची वाट. मीठ मागे हौद्यात, पोत्यांत असायचं. पण काका मिठागराच्या बांधावरून चालत येत ते तसेच केबिनमध्ये चढत. चपलांना लागलेला तो राखाडी, खारट चिखल मॅटच्या कडेने खाली उतरत राहिला, आंबोलीच्या धुक्याचा ओलावा धरत राहिला, आणि पत्र्याला सुकायला उसंत म्हणून मिळाली नाही. लोखंड गंजताना फुगतं. सांध्यात शिरलेला गंज दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, आणि वरचा रंग शाबूत दिसत असताना आतलं सगळं पोखरलेलं असतं.

सगळ्यांत मोठं भोक अ‍ॅक्सिलरेटरपाशी होतं, जिथे त्यांची उजवी टाच टेकलेली असायची.

मी तिथे तळहात ठेवला.

‘ताई, अजून कापायला लागंल,’ मिस्त्री म्हणाले. तळहाताएवढं दिसणारं भोक, धड पत्रा लागेपर्यंत कापत गेलं की ताटाएवढं होतं. मला ते बघवेना. त्या केशरी चुऱ्यात शिरोड्याचं मीठ होतं, घाटातल्या कितीतरी रात्री होत्या, पहाटे घरी पोचल्यावर काकांच्या पायांना येणारा तो समुद्राचा वास होता. पण कच्च्या पत्र्यावर टाका धरत नाही. ज्योत लागली की त्याची कड वितळून मागे सरते आणि भोक आणखी वाढतं.

‘कापा,’ म्हटलं.

मग आधी पुठ्ठ्याचा नमुना निघाला, त्यावरून अठरा गेजचा नवा पत्रा. जुन्या जमिनीवर ज्या उभ्या पन्हळी होत्या त्या मिस्त्रींनी पट्टीवर ठोकून ठोकून नव्यात उतरवल्या, आणि ठिगळ जागेवर बसवताना त्यांनी ओळ अशी जुळवली, की जुनी पन्हळ नव्यात विनाखंड चालू राहावी. एक टाका इकडे, दुसरा समोरच्या कडेला. मग थांबायचं. एका दमात सांधत गेलं तर पत्रा तापून वेडावाकडा ओढला जातो, म्हणून हात लावता येईल इतका तो निवू द्यायचा, मग पुढचा टाका. ठिणग्या, जळक्या रंगाचा उग्र वास, आणि मधूनमधून हे थांबणं. काम जणू त्या थांबण्यातच होत होतं.

शिवण घासून सपाट करू का, असं त्यांनी विचारलं. वरून राहू द्या, म्हटलं. गाडी चालवताना मला ती टाचेला लागायला हवी आहे. खालून मात्र पाण्याला कुठे शिरायला जागा नको: सांध्यात सीलर भरा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, त्यावर काळा रंग. आणि नवी मॅट चिकटवू नका. जूनमध्ये मी गाडी आंबोलीत नेणार आहे, आणि प्रत्येक खेपेनंतर मला ती उचलून वाळवायची आहे.