जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी थोडा हिशेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा मंडळाच्या ऑफिसात दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैसे वाचतील.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात सहा कॉम्प्युटर आहेत. २०१४ साली देणगीतून घेतलेले. चार अभ्यासिकेत, एक देवघेवीच्या टेबलावर आणि एक कार्यालयात. पोलीस भरती, एमपीएससी, सीईटी, शिष्यवृत्ती, जे काही ऑनलाइन भरायचं ते पोरं-पोरी तिथेच भरतात. बाहेर त्याच फॉर्मला पैसे मोजावे लागतात, इथे फुकट होतं. ज्याच्या घरी फक्त एक मोबाइल आहे आणि तोही वडील शेतावर घेऊन जातात, त्याच्यासाठी या सहा मशीन म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा आहे.

पण मशीन इतक्या हळू झाल्या होत्या की बटण दाबून पोरं खाली चहा पिऊन यायची. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सही अपलोड करताना स्क्रीन गोठली की त्या पोराचं तोंड बघवत नसे.

कार्यकारिणीच्या सभेत विषय आला: सहाही मशीन निर्लेखित करायच्या, सहा नव्या घ्यायच्या. कोटेशन दोन लाखांच्या वर. कारण काय, तर "विंडोज १० बंद झालं." हे अर्धंच खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. फक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्याने सापडणाऱ्या भोकांना आता आपोआप ठिगळ लागत नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. जिथे रोज दहा जण आधार नंबर आणि बँक खातं टाइप करतात तिथे हा धोका घेऊन चालणार नाही, हे मला मान्यच होतं. आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आमच्या मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्री. सरळ मार्गाने तिथे विंडोज ११ जात नाही.

मी पूर्वी पंधरा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवलाय. सभेत एवढंच म्हणालो, "अध्यक्ष साहेब, पंधरा दिवस द्या. नेमकं काय म्हातारं झालंय ते बघू, मग ठरवू."

कारण कॉम्प्युटर अख्खा एकाच वेळी म्हातारा होत नाही. मोटारसायकलचा टायर गेला म्हणून आपण इंजिन बदलत नाही. इथे मात्र "हळू चालतोय" एवढं ऐकलं की अख्खी मशीन बदलायचा सल्ला मिळतो.

पहिलं काम, खर्च शून्य. मशीन हळू चालत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबायच्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. आमच्याकडे डिस्क १०० टक्के, मेमरी ९० च्या वर आणि प्रोसेसर जेमतेम १५-२० टक्के. म्हणजे ज्याला सगळे म्हातारा म्हणत होते तो प्रोसेसर रिकामा बसून होता, आणि डिस्क धापा टाकत होती.

असं का होतं? जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. मिनिटाला ७,२०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावंच लागतं, शिवाय सुई जागेवर जायला वेगळा वेळ. इकडची थोडी, तिकडची थोडी अशी माहिती शोधायची असेल तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल वाचल्या जातात. खालच्या चहाचं कारण तेच.

म्हणून पहिला खर्च एसएसडी. पण साधी अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. दुकानात "एनव्हीएमई घ्या, पाच पट फास्ट" असं सांगतील. २०१३-१४ च्या स्वस्त मदरबोर्डवर तिला जागा नसते, आणि ॲडॉप्टर लावून बसवली तरी बहुतेक वेळा मशीन तिच्यावरून सुरू होत नाही. साइझ २४० किंवा २५६ जीबी भरपूर झाली. पोरांना सिनेमे साठवायचे नाहीत.

दुसरा खर्च रॅम. आमच्याकडे प्रत्येक मशीनमध्ये ४ जीबीची एकच पट्टी होती. आजचा ब्राउझर चार-पाच टॅब उघडले की तेवढी एकटाच खातो. मग कॉम्प्युटर उरलेलं सामान डिस्कवर ठेवायला लागतो, म्हणजे सगळा भार पुन्हा त्या फिरत्या तबकडीवर. दुसरी ४ जीबीची पट्टी टाकली की ८ होतात, आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्याने थोडा वेगही वाढतो.

इथे दोन गोष्टी नीट बघा. एक, या मशीनला डीडीआर-३ लागते. डीडीआर-४ ची खाचच वेगळी असते, बसतच नाही. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज ३२-बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरतच नाही. आमच्या दोन मशीनवर जुन्या प्रिंटरसाठी म्हणून कुणीतरी ३२-बिट टाकलेलं होतं. तिथे रॅम वाढवणं म्हणजे घागरीत मावत नसताना पाणी ओतणं. आधी ६४-बिट, मग रॅम.

गेल्या काही महिन्यांत रॅमचे भाव चांगलेच चढलेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलाय, त्याची झळ तालुक्याच्या दुकानापर्यंत आलीये. डीडीआर-३ च्या जुन्या, काढलेल्या पट्ट्या मात्र अजून परवडतात. दुकानदाराकडून महिनाभराची बदली करून देण्याची हमी घ्यायची आणि रात्रभर मेमरी टेस्ट लावायची. सकाळी एकही एरर नसेल तर पट्टी आपली.

तिसरा खर्च सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मजेशीर. तीन मशीनवर तारीख सारखी मागे जायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल संपलेला. तारीख चुकीची असली की ब्राउझर वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो आणि स्क्रीनवर लाल इशारा येतो. पोरं समजायची सरकारी साइट डाउन आहे. किराणा दुकानातही मिळणाऱ्या एका सेलने तो प्रश्न संपला.

त्यानंतर धूळ. ब्लोअरने झाडलं, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. दोन एसएमपीएसचे पंखे घरघरत होते, ते एसएमपीएसच बदलले. आमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, तिथे स्वस्त एसएमपीएस लावणं म्हणजे नव्या एसएसडीच्या जिवाशी खेळ. अर्थिंगही तपासून घेतलं.

आता काय बदललं नाही तेही सांगतो, कारण खरे पैसे तिथे वाचतात. त्याच सॉकेटचा जुना आय-फाइव्ह बसवा असा सल्ला मिळाला. बसला असता. पण जो प्रोसेसर २० टक्केच चालतो त्याच्या जागी मोठा बसवून काय मिळणार? ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच नाही. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट तेच. आणि नवा मदरबोर्ड घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर बदलावा लागतो, रॅम बदलावी लागते, मग अपग्रेडच्या नावाखाली नवा कॉम्प्युटरच होतो. जुन्या मशीनवरच्या खर्चाची हद्द मी तिथेच आखतो.

सहापैकी एका मशीनच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले निघाले. तिच्यावर एक रुपयाही घालायचा नाही असं ठरलं. तिची रॅमची पट्टी दुसऱ्या मशीनला गेली.

राहिला विंडोजचा प्रश्न. पाच मशीनवर आम्ही लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, जुन्या मशीनवर नीट चालतं, सुरक्षा अपडेट मिळत राहतात. फॉर्म भरणं, पीडीएफ, फोटो-सही छोटी करणं, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग, सगळं होतं. देवघेवीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे तिथेही अडलं नाही. अभ्यासिकेतल्या पोरांना दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी कुणी विचारलंही नाही.

कार्यालयाचं मात्र तसं नाही. तिथे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, डिजिटल सहीचं टोकन आहे, आणि वीस वर्षांची पत्रं युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फाइल दुसरीकडे उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. महाराष्ट्रातल्या किती कार्यालयांचं दप्तर असं एका फॉन्टच्या दावणीला बांधलेलं असेल याचा विचार करा. म्हणून कार्यालयासाठी एकच नवी मशीन घेतली, आणि जुनी पत्रं हळूहळू युनिकोडमध्ये आणायचं काम ग्रंथपाल ताईंनी सुरू केलंय. कार्यालयातली जुनी मशीन दुरुस्त करून अभ्यासिकेत, फुगलेल्या मशीनच्या जागी गेली.

एकूण हिशेब: पाच एसएसडी, चार रॅमच्या पट्ट्या, दोन एसएमपीएस, सेल, पेस्ट, मजुरी आणि एक नवी मशीन. सहा नव्यांच्या कोटेशनच्या एक तृतीयांशाच्या आत. उरलेल्या पैशातून अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायचा ठराव झालाय.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली ती. काढलेल्या सहा हार्ड डिस्क आम्ही उघडून पाहिल्या. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दहा वर्षांचे आधार कार्ड, गुणपत्रिका, जातीचे दाखले, बँक पासबुकचे फोटो. शेकडो पोरा-पोरींचे. सहाही मशीन निर्लेखनाचा शिक्का मारून भंगारात गेल्या असत्या तर हे सगळं किलोच्या भावाने विकलं गेलं असतं. नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येते. आम्ही प्रत्येक डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्याने लिहून ती पुसली आणि नंतर ड्रिलने भोकं पाडली. आता प्रत्येक मशीन बंद झाली की डाउनलोड फोल्डर आपोआप रिकामा होतो.

फुगलेला बोर्ड आणि डिस्कचे अवशेष नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जातील. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या पावभागाचीसुद्धा रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. बाकीचा कुठे जातो ते बघायला लांब जायला नको. गावाबाहेर तांब्यासाठी वायरी जाळल्याचा वास आपल्या सगळ्यांना ओळखीचा आहे.

माझं म्हणणं असं नाही की कुणी नवं घेऊच नये. जिथे गरज आहे तिथे घ्या, आम्हीही घेतलं. पण पैसा देणगीचा, अनुदानाचा किंवा घरपट्टीचा असेल तर विचारायचा हक्क आपल्याला आहे. तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत "सगळे कॉम्प्युटर जुने झाले, बदलायचे" असा ठराव आला तर उभं राहून तीन प्रश्न विचारा. नेमका कोणता भाग अडतोय, तो कोणी आणि कसा तपासला? फक्त तो भाग बदलला तर किती खर्च येईल, त्याचं वेगळं कोटेशन घेतलंय का? आणि जुन्या डिस्कमधली लोकांची माहिती पुसायची जबाबदारी कोणाची, ती ठरावात नावानिशी लिहिली आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक सभांमध्ये शांतता पसरेल. तेव्हा खाली बसू नका.