पाण्याखालचा बांध

मिशिगनमधल्या सेंट क्लेअर सरोवरावर लेकानं बोटीचं इंजिन बंद केलं आणि समोरच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. "नाना, हा बघा खडीचा पट्टा. मासा याच्याच कडेला असणार." पडद्यावर पिवळ्या-तांबड्या रंगात तळ उमटला होता. कुठं सपाट, कुठं उंचवटा. पाणी जेमतेम तीन पुरुष. बघता बघता माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बाबांना हे पडद्यावाचून दिसायचं."

लेक काही बोलला नाही. लहानपणी त्यानंही बाबांच्या शेजारी बसून गळ टाकला होता.

१९९६ साली माझी बदली आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेवर झाली. आहुप्याच्या बाजूला डोंगरात उगम पावणारी घोडनदी डिंभ्याला अडवली आहे. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावच या पाण्यात गेलं. तालुक्याची कचेरी आधीपासून घोडेगावला, म्हणून कागदोपत्री काही अडलं नाही. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं जीव देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुलांना हा धडा शिकवताना मी खिडकीतून पाण्याकडं हात करायचो.

शाळा सुटली की वेळ खायला उठायचा. एकदा काठावर एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ दिसले. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तिच्या भोकावर आडव्या बांधलेल्या फळ्या, त्यांवर हे बसलेले आणि दोन हातांनी पाणी मागं सारत काठाला येत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला तंगूस गुंडाळलेलं. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ते मला 'गुर्जी' म्हणत, शेवटपर्यंत.

बाबा महादेव कोळी. नावात कोळी असलं तरी हा समाज मूळचा डोंगरातला शेतकरी. भात, नाचणी, वरई, रानातला हिरडा, यांवर त्यांचं पोट. ओढ्यातले खेकडे धरायचे, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायचे, एवढीच मासळीशी ओळख. खोल पाण्यातली मासेमारी त्यांना शेत बुडाल्यावर शिकावी लागली. ट्यूबवर बसून जाळी लावताना वारा सुटला की जिवाशी गाठ असायची. पुढं 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या सोबतीनं इथल्या आदिवासींनी आपला मासेमारीचा हक्क मागितला, सहकारी संस्था उभी केली, होड्या आल्या, कटला-रोहूचं बीज सुटू लागलं. २०१२ मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बाबा संस्थेचे सभासद होते, जाळं लावायचे. पण जीव गळावर.

मला त्यांनी शिकवलं ते सगळं अंगठ्याच्या आणि बोटाच्या टोकावरचं. तंगूस दोन बोटांत धरायचं, नखाशी टेकवून. शिसं तळाला लागलं की हाताला कळतं. मातीला लागलं तर मऊ बसतं, दगडाला लागलं तर टक् होतं. माशानं नुसतं हुंगलं तर थरथर, तोंडात धरलं तर जडपणा. जडपणा आला की ओढायचं, थरथरीला नाही. हे कळायला मला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला.

पण खरी गोष्ट त्यापुढची. बाबा ट्यूब हाणत पाण्याच्या मध्याला जात, समोरच्या सुळक्याची आणि डावीकडच्या एका आंब्याची रेघ जुळवत आणि म्हणत, "आता आपण जांभळीच्या खाचरावर आलो." थोडं पुढं गेलं की, "हा ताल. आज्यानं रचलेला. इथं आठ वाव सोडा." मी हातानं वाव मोजत तंगूस सोडायचो. आठव्या वावाला बरोबर टक् लागायचं. बांधाचा दगड. त्याच्या सापटीत खेकडे, खेकड्यांमागं शिंगाळे. पाच-सहा वर्षांत आम्ही त्या एका बांधावर किती मासे धरले याचा हिशेब नाही. बाबांचं शेत होतं ते. साडेतीन एकर, चार खाचरं, एक विहीर. विहिरीवर ते गळ कधी टाकत नसत. तिथून ट्यूब नेतानाही पाण्यात हात हळू मारायचे.

आणखी एक त्यांचा नेम होता. काठालगतच्या गवतात मरळीची पिल्लं तांबड्या ठिपक्यांच्या घोळक्यानं वर येतात, खाली जातात. आई-बाप खाली राखणीला असतात. त्या वेळी मरळ गळावर सहज येते, कारण ती भुकेनं नाही, रागानं धावते. बाबा तिथं गळ टाकू देत नसत. एकदा मी टाकला. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं तंगूस दातानं तोडलं.

आमच्या घरी वडिलांच्या गळ्यात माळ. पंढरीची वारी कधी चुकली नाही, मासळीचं नावही घरात निघत नसे. त्यामुळं धरलेला मासा बाबांच्या चुलीवरच जायचा. मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी, हळद-मिठात मुरवून तव्यावर टाकायच्या आणि पहिली तुकडी माझ्या पुढ्यात. घरात माणसं सात. मला ते कळत होतं, तरी ताट मागं सारता आलं नाही. सारलं असतं तर मावशींना लागलं असतं.

आता जे सांगायचं ते सांगतो.

आमचं गाव खाली, तालुक्याच्या पूर्वेला, कालव्याच्या लाभक्षेत्रात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे, आणि आंबेगावात डिंभे. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. डावा कालवा येडगावकडं जातो, उजवा आमच्या बाजूला. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याप्रमाणं ज्यांना पाणी मिळणार, त्यांच्या जमिनीतून काही भाग ज्यांचं बुडालं त्यांना द्यायचा. त्यासाठी आमच्याही सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा पडला. गावात धावपळ उडाली. वडिलांनी इतरांबरोबर हरकतीचा अर्ज केला. मी तेव्हा कॉलेजात होतो, अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच लिहिला. खोटं काही लिहिलं नव्हतं. आमचं कुटुंब मोठं, जमीन थोडी, तुकडे पडतील, असंच लिहिलं. दोन वर्षांनी शेरा उठला. वडिलांनी पेढे वाटले. कालव्याला पाणी आलं तसा बाजरीच्या जागी ऊस आला, पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला जाऊ लागला. माझ्या लेकाच्या इंजिनिअरिंगची फी त्या उसातून गेली.

बाबांना खाली जमीन मिळाली नव्हती. ते वरच्या डोंगरउतारावर घर बांधून राहिले. मिळायची जमीन नेमकी आमची होती असं नाही. पण अर्ज माझ्या अक्षरातला होता, आणि मी दर शनिवारी त्यांच्या बुडालेल्या बांधावर बसून मासे धरत होतो.

२००१ मध्ये बदलीचा कागद आला, तेव्हा मी ते त्यांना सांगितलं. संध्याकाळ होती, आम्ही दोघं दोन ट्यूबांवर होतो. अर्जाचं, शेऱ्याचं, पेढ्यांचं, सगळं. बाबांनी तंगूस गुंडाळत आणलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "गुर्जी, तुमच्याकडं उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटतं?"

"चैतात. कधी फाल्गुनात."

"तवाच इकडं माझा बांध उघडा पडतो," ते म्हणाले. "तुमच्याकडं पाणी गेलं, की मला शेत दिसतं. दोन महिने दिसतं. गाळपेर करतो त्यात."

त्यांच्या आवाजात राग शोधायचा मी तेव्हाही प्रयत्न केला, आजही करतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरायचा हक्कसुद्धा त्या लोकांना मागून घ्यावा लागला होता. आपल्याच शेतात, वर्षातले दोन महिने.

मी खाली आलो. येणं-जाणं राहिलं. दिवाळीला गूळ आणि तांबड्या ज्वारीचं पोतं घेऊन जायचो, ते हिरडा आणि रायभोगाचा तांदूळ द्यायचे. मावशी गेल्या तेव्हा दहाव्याला होतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात निवृत्तीनंतर लेकाकडं गेलो. तिथं स्मॉलमाउथ बास नावाचा मासा आहे. काशाच्या रंगाचा, तांबूस डोळ्यांचा, दोन-तीन पौंडांचा असला तरी गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उड्या घेणारा. लोक त्याला मऊ प्लास्टिकच्या ट्यूबनं धरतात. बोटभर लांबीची, आतून पोकळ नळी, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला दोऱ्यासारख्या झुलणाऱ्या झिरमिळ्या. शिशाची मुंडी असलेला गळ पोकळीतून आत सारायचा, त्याची कडी नळीच्या भिंतीतून बाहेर काढायची, तंगूस तिला बांधायचं. पाण्यात सोडली की ती सरळ खाली जात नाही, गिरक्या घेत उतरते. तळाशी पोचली की खडीवरून हळू ओढायची. मऊ प्लास्टिकचा पहिला गांडूळ अमेरिकेतल्या अक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात ओतला. ट्यूब त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बॉबी गारलंड यांनी आणली. त्या पाण्यात नांग्यांचे क्रेफिश असतात, आणि काळ्या समुद्राकडून जहाजांतून आलेले गोबी नावाचे छोटे मासे. ट्यूब दोघांसारखी दिसते.

लेकानं सांगितलं, वसंतात स्मॉलमाउथचा नर खडीत घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो. पलीकडं ओंटारियोत तेवढे दिवस त्याच्या मासेमारीला बंदी असते. मला दातानं तोडलेलं तंगूस आठवलं. त्या दिवशी मी चार बास धरले. लेकानं एकेक पाण्यात धरून सोडून दिला.

परत येताना ट्यूबांची दोन पाकिटं आणली. शेवाळी रंगाची एक, विटकरी एक.

बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढं गेले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं. ओटीवर बसून त्यांनी ती ट्यूब बोटांनी चाचपली, पोकळीत करंगळी घातली, झिरमिळ्या ओढून बघितल्या, वास घेतला. नातवाला म्हणाले, "पाण्याचं घमेलं आण." त्यात सोडली. ट्यूब गिरकी घेत तळाला टेकली, झिरमिळ्या वर उचलल्या गेल्या आणि हळूहळू बसल्या. त्यांनी डोकं घमेल्याजवळ नेलं होतं.

"कात टाकलेला खेकडा," ते म्हणाले.

मी नुसता बघत राहिलो. ज्या जिवाची ही नक्कल, तो क्रेफिशही कात टाकतो. कात टाकल्यावर काही दिवस त्याचं कवच मऊ असतं आणि माशाला तोच हवा असतो. प्लास्टिक मऊ का असावं लागतं, याचं उत्तर मी मिशिगनमध्ये तीन महिन्यांत विचारलं नव्हतं. यांनी ते घमेल्यात बघून सांगितलं. पुढं म्हणाले, "पण हे गळून तळाला राहिलं तर कुजायचं नाही. फाटलं तरी वर आणा." तेव्हापासून फाटलेली प्रत्येक ट्यूब मी खिशात घालून आणतो.

दुसऱ्या दिवशी नातू होडी वल्हवत होता, बाबा मधल्या फळीवर. सुळका आणि आंबा त्यांना दिसत नव्हते, म्हणून नातवाकडून जुळवून घेतले. "जांभळीचं खाचर आलं का?" "आलं." मी विटकरी ट्यूब सोडली, तंगूस त्यांच्या हातात दिलं. पहिल्या तीन वेळा काही नाही. चौथ्यांदा ते म्हणाले, "जड." आणि ओढलं. दीड किलोचा शिंगाळा होता. हात थरथरत होते म्हणून होडीत घेताना मी तंगूस धरू गेलो, तर कोपरानं मला बाजूला सारलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. मला निरोप उशिरा मिळाला.

विटकरी पाकिटात आता चारच ट्यूब आहेत. या फाल्गुनात नातवाबरोबर गेलो होतो. होडी जागेवर आली तशी त्यानं न विचारता सुळका आणि आंबा जुळवला. मी गळ ट्यूबमध्ये सारला, कडी बाहेर काढली, गाठ मारली आणि सोडत गेलो. एक वाव, दोन, तीन. आठ मोजायचे म्हणून हात तयार ठेवला होता. चौथ्या वावालाच टक् झालं.

नातवानं पाण्याकडं बघितलं. "गुर्जी," तो म्हणाला, "तुमच्याकडं आवर्तन सुटलंय."