वसईच्या विहिरीचे मचूळ पाणी

वसईस जावयाचे म्हणजे किल्ला पाहावयाचा, हे ठरलेलेच. आम्हीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन निघालो, ते चिमाजीअप्पांनी १७३९ साली सर केलेला कोट त्यांस दाखवावा याच हेतूने. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली, पाणजू बेट मागे पडले आणि मुलांची नाके खिडकीच्या गजांस चिकटली. किल्ला पाहिला, तटावर चढलो, एका पडक्या कमानीच्या सावलीत डबा सोडला. परंतु आज लिहावयाचे आहे ते किल्ल्याविषयी नव्हे. आमच्या आत्याबाईंच्या विहिरीविषयी, आणि त्या विहिरीचे कोडे ज्या एका काचेच्या पेल्यात उलगडले त्या पेल्याविषयी.

आत्याबाईंची वाडी वसईहून अर्नाळ्याकडे जाणाऱ्या किनारपट्टीत आहे. नारळी, केळी, पानवेल, कुंपणाला जास्वंद. आणि घराच्या मागल्या अंगास बावखल. हा शब्द वसईबाहेर फारसा कोणास ठाऊक नसतो. बावखल म्हणजे वाडीतच खणलेले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते व आसपासच्या विहिरींस पोसते. पूर्वी याच्या काठी रहाट फिरे आणि पाटांतून पाणी वाडीभर खेळे. आता पुष्कळ ठिकाणी बावखले बुजवून त्यांवर इमारती उठल्या आहेत. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. वस्ती तर त्याच्याही आधीपासून वाढतच होती.

पहिल्याच सायंकाळी आमच्या सहा वर्षांच्या धाकटीने विहिरीच्या पाण्याने चूळ भरली आणि ती तोंड वाकडे करून स्वयंपाकघरात धावली. "आत्याआजी, तू पाण्यात मीठ घातलंस का गं?"

"मी नाही गं बाई घातलं," आत्याबाई म्हणाल्या, "समुद्रानं घातलंय."

त्या दिवशी नळास पाणी आले नव्हते. एरवी सूर्या धरणाचे पाणी पिण्यास व रांधण्यास असते. त्या दिवशी मात्र डाळ विहिरीच्या पाण्यात चढविली, आणि दोनदा कुकर लावूनही ती बोटचेपी राहिली. आत्याबाई लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा याच विहिरीच्या पाण्यावर पंक्ती उठत. हे सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. कणीक तिंबीत राहिल्या.

समुद्र विहिरीत येतो कसा, हा धाकटीचा पुढला प्रश्न. तो तर अर्ध्या कोसावर! आम्हांस उत्तर नीटसे सुचेना, तेव्हा "उद्या पाहू" म्हणून वेळ मारून नेली. मुलांस असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा उद्या बहुधा उजाडत नाही; आमचा उजाडला, कारण धाकटीने सकाळी सहा वाजता उठवून त्याची आठवण दिली.

मग ओटाच आमची प्रयोगशाळा झाला. प्रथम दोन पसरट थाळ्या घेऊन एकीत नळाचे व दुसरीत विहिरीचे, तितकेच पाणी ओतून उन्हात ठेवले. तिसऱ्या प्रहरापर्यंत दोन्ही कोरड्या झाल्या. पहिलीत पुसटशी रेघ उरली होती, दुसरीत पांढरे दाट वलय. मध्यंतरी दोन बाटल्यांत दोन्ही पाणी घेऊन साबणाचा सारखाच तुकडा टाकून मुलांनी त्या खळाखळा हालविल्या. नळाच्या पाण्यास भरपूर फेस आला. विहिरीच्या पाण्यावर नुसती मळकट साय. ज्या क्षारांनी साबण फसतो, तेच डाळीच्या सालापाकळीस घट्ट करून तिला शिजू देत नाहीत, हे ऐकून आमच्या वहिनींनी कुकरवरचा आपला राग मागे घेतला.

परंतु खरा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी काचेचा उभट पेला घेतला. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवून त्यात बिटाचा रस घातला, म्हणजे खारे पाणी तांबडे. आता त्यावर साधे पाणी घालावयाचे. आमच्या थोरल्याने ते धबकन ओतले व सगळाच पेला गुलाबी झाला. पुन्हा सगळी सिद्धता केली. या खेपेस चमच्याची पाठ पाण्यास टेकवून तिच्यावरून थेंबथेंब धार सोडली. पाणी वर चढत गेले, परंतु तांबडे खालीच राहिले. मध्ये जणू काचेचाच पडदा. खारे पाणी जड. गोडे पाणी एक लिटर तोलले तर १००० ग्रॅम भरते, समुद्राचे सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणून किनाऱ्याच्या जमिनीखालीही पावसाचे मुरलेले गोडे पाणी समुद्राच्या पाझरलेल्या पाण्यावर असेच तरंगत असते.

मग शहाळ्याबरोबर मिळते तशी एक नळी, तिचे तोंड तांबड्या पाण्याच्या किंचित वर राहील अशी, थोरल्याच्या हाती दिली. त्याने हळूहळू ओढले. पाणी स्वच्छ आले, गोड लागले. "आता जोराने ओढ," आम्ही म्हणालो. त्याने गाल आत घेऊन ओढले, तोच खालचे तांबडे पाणी शंकूसारखे उंचावून नळीत शिरले आणि पोराने तोंडातले सगळे मोरीत टाकले.

"म्हणजे आपला रहाट हळू ओढायचा," आत्याबाई दारातून म्हणाल्या.

इतक्या थोडक्यात आम्हांस सांगता आले नसते. रहाट गेले, विजेचे पंप आले. पुढे वाडीवाडीच्या विहिरींवर टँकर लागले व वाढत्या वस्तीस पाणी विकले जाऊ लागले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीतून या उपशाविरुद्ध आवाज उठविला होता. २०२४ साली ते निवर्तले. या प्रश्नाचे गणित हॉलंडच्या बाडोन गायबेनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्ट्झबर्गने १९०१ साली मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खाली त्याचा थर सुमारे ४० हात असतो. उलट, वरची पातळी एक हात उतरली की खालून खारे पाणी कालांतराने ४० हात चढू पाहते. आमच्या पेल्यात मात्र हे दाखविता येत नाही, कारण पेल्यास समुद्र जोडलेला नाही. तेवढी कल्पना मुलांस करावी लागली आणि ती त्यांनी आमच्यापेक्षा लवकर केली.

"मग वरून गोडं पाणी घालत राहिलं तर?" धाकटीने विचारले. आत्याबाईंनी तिला मागल्या दारी नेऊन बावखल दाखविले.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. हे बावखल बुजविण्याचे घरात ठरत आले होते. आत्याबाईंचे धाकटे दीर, ज्यांस सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांचा आग्रह. त्यात डास होतात, आणि दोन मोटारी उभ्या करावयास जागा नाही. दोन्ही कारणे खोटी नव्हेत. डासांवर आत्याबाईंनी गप्पी मासे सोडण्याचा उपाय सांगितला होता, मोटारींवर त्यांच्यापाशी उपाय नव्हता. मोठ्या दिरांनी मौन धरले होते. शनिवारी मातीचे दोन डंपर यावयाचे होते.

रात्री पाने वाढण्यापूर्वी मुलांनी भाऊसाहेबांस पाटावर बसवून पुन्हा पेला मांडला. "भाऊआजोबा, आधी हळू ओढा हं." त्यांनी हळू ओढले. मग कोणी न सांगताच जोराने ओढले, तोंड आंबट केले व नळी खाली ठेवली. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी वरण वाढले. ते नळाच्या पाण्याचे होते आणि चांगले घोटले गेले होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. वाटेत खाण्यास आत्याबाईंनी केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी दिली. रिक्षा दाराशी आली तेव्हा भाऊसाहेब ओटीवर फोनवर बोलत होते. "उद्या नको. मागाहून कळवितो," एवढेच ऐकू आले. आत्याबाई मागल्या दारी होत्या. तिकडून नारळाची झावळी पाण्यातून ओढल्याचा आवाज येत होता. धाकटी त्यांस नमस्कार करावयास गेली, ती पावले चिखलाने भरवूनच परत आली.