माझ्या मापाचं चिलखत

1 ऑगस्ट 2025 पासून इंदूरमध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला, आणि खजरान्यात रिंग रोडच्या कडेला हेल्मेटांच्या रांगा लागल्या. गणपतीचं दर्शन घेऊन परतणारी माणसंही थांबून हेल्मेट डोक्यावर चढवून बघत होती. मलाही हेल्मेट हवंच होतं, पण ते सायकलसाठी, डोंगरावरून खाली उतरायच्या सायकलसाठी. हनुवटीपर्यंत झाकणारं आणि तरी वजनाला हलकं. तसं तिथे एकही नव्हतं.

डाऊनहिल माउंटन बायकिंग हा प्रकार आमच्या गल्लीत समजावून सांगावा लागतो. चढ चढायचाच नाही. सायकल गाडीत टाकून माथ्यापर्यंत न्यायची आणि तिथून दगडधोंड्यांच्या पायवाटेने खाली यायचं. सीटवर बसायचं नसतं. दोन्ही पेडलं आडवी ठेवून त्यांवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं वाकवून, बोटं ब्रेकवर ठेवून. सायकलला पुढेमागे सस्पेन्शन असतं, तरी उरलेला प्रत्येक धक्का हातापायांनीच पचवायचा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1976 मध्ये 'रिपॅक' नावाच्या उतारावर या शर्यती सुरू झाल्या. त्या पहिल्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही बाई होती. तीही उतरायची, शिवाय सगळ्यांचे फोटो काढायची. त्या काळाचे फोटो आपण बघतो ते बरेचसे तिचेच. म्हणजे बाई या खेळात पहिल्यापासून आहे. 1990 मध्ये पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा महिलांचा गट होता. 2016 मध्ये ब्रिटनच्या रेचल अ‍ॅथर्टनने विश्वचषकाच्या त्या मोसमातली प्रत्येक फेरी जिंकली. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'बायका हे करतच नाहीत, म्हणून त्यांच्या मापाचं बनत नाही' हे उत्तर मला दुकानांत ऐकायला मिळालं आहे.

आमच्याकडे उतार आहेत, आणि चांगले आहेत. महूच्या दक्षिणेला माळव्याचं पठार संपतं आणि जमीन निमाडात कोसळते. जामघाटातल्या अहिल्याबाईंच्या दरवाज्यापाशी उभं राहिलं की ते स्पष्ट दिसतं. जानापावच्या बाजूच्या, चोरलच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवर काळ्या बसाल्टचे टोकदार दगड असतात. त्यांच्यामध्ये मुरूम पसरलेला असतो आणि उन्हाळ्याकडे त्यावर सागाच्या वाळक्या पानांचा थर साचतो. पानांखालचा दगड दिसत नाही. इथे पडणं अधूनमधून होणारच. त्यामुळे पडताना अंगावर काय आहे आणि ते नेमकं कुठे आहे, हाच माझ्यासाठी खरा प्रश्न झाला.

माझे पहिले नी-पॅड भावाच्या मित्राचे होते, पुरुषांच्या मापातले सगळ्यात लहान. पोटरीला घट्ट, मांडीला काचणारे. मांडीवर काचतात म्हणून वरचा पट्टा सैल करायचा, आणि सैल केला की पाचदहा मिनिटांच्या उतारात पॅड नडगीवर उतरायचा. जानापावच्या एका वळणावर पुढचं चाक घसरलं तेव्हा पॅड माझ्या पायातच होता, पण गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं खाली. दगड वाटीवर लागला. टाके पडले. जखम भरली, पण पुढचे कितीतरी दिवस एकच चित्र डोळ्यांसमोर यायचं: चांगला जाड, ठिकठाक पॅड, त्यावर एक ओरखडाही नाही, आणि त्याच्या वर रक्त.

या संरक्षक वस्तूंवर युरोपीय मानकाचा आकडा छापलेला असतो, ईएन 1621. पाठीच्या पॅडवर 50 जूलचा आघात करून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. सरासरी 18 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर पहिली पातळी, 9 च्या आत राहिलं तर दुसरी. गुडघ्या-कोपरांच्या पॅडसाठी हेच आकडे 35 आणि 20 आहेत. हे आकडे मोलाचे आहेत, खरेदी करताना ते मी आजही आधी बघते. पण पॅड नेमक्या जागी आहे असं धरूनच ते मोजलेले असतात. नडगीवर घसरलेल्या दुसऱ्या पातळीच्या पॅडपेक्षा वाटीवर टिकून राहिलेला पहिल्या पातळीचा पॅड माझ्या कामाचा. घट्ट बसणं ही आरामाची बाब समजली जाते. माझ्या मते ती संरक्षणाची पहिली अट आहे, आणि ती बायकांच्या बाबतीत सर्रास सोडून दिली जाते.

सोडून देतात म्हणजे कसं, तर पुरुषांचा साचा घेतात, सगळीकडून सारखा लहान करतात, एखादी गुलाबी किंवा जांभळी रेघ मारतात आणि 'महिला' असं लेबल लावतात. पण माझा पाय हा पुरुषाच्या पायाची छोटी आवृत्ती नाही. माझ्या मांडीचा आणि पोटरीचा घेर यांतला फरक जास्त आहे, म्हणून सरळ नळीसारखा पॅड एका टोकाला काचतो आणि दुसऱ्या टोकाला लोंबतो. कोपरांचं उलट, हात बारीक आणि पॅड गोल फिरत राहतो. ग्लोव्हजमध्ये तळवा बरोबर बसला तर बोटांची टोकं रिकामी राहतात, आणि रिकाम्या टोकाने ब्रेक ओढताना भरवसा वाटत नाही. छातीच्या संरक्षकाची कथा सगळ्यात वाईट. समोरून सपाट, कडक फळी. ती छातीवर टेकते, कडांना फट राहते, श्वास अडतो. वाकून उभं राहिलं की फळी वर सरकून हेल्मेटच्या हनुवटीला लागते.

हे फक्त सायकलीपुरतं नाही. मार्च 2019 मध्ये नासाने ठरवलेला, फक्त स्त्रियांचा पहिला अंतराळपदभ्रमणाचा कार्यक्रम बदलावा लागला, कारण मध्यम मापाचा धडाचा भाग असलेला दुसरा स्पेससूट वेळेत तयार नव्हता. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला क्रिस्टिना कॉख आणि जेसिका मेअर यांनी ते पदभ्रमण केलं. बाया तयार होत्या, माप तयार नव्हतं. उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. दंगलीच्या ड्युटीवर जाणाऱ्या सीआरपीएफच्या महिलांसाठी डीआरडीओच्या दिपास या प्रयोगशाळेने स्त्रीच्या शरीररचनेचा विचार करून पूर्ण अंगाचं संरक्षक कवच तयार केलं. त्याचं नाव 'प्रबला'. ती बातमी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं. इथे, आपल्या मापांवरून, कोणीतरी हे काम गंभीरपणे केलं होतं.

मी आईला हे सगळं सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, रेडीमेड ब्लाउज कधी कुणाला नीट बसलंय का?" इंदूरच्या कुठल्याही मराठी घरातली बाई हे म्हणेल. आपण मुंढा, खांदा, छाती, कंबर अशी मापं देऊन ब्लाउज शिवून घेतो. कटोरी आणि प्रिन्सेस कट यांतला फरक आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. सपाट कापडाला गोलाई कशी द्यायची हे ज्ञान इतकं घरोघरी आहे, आणि हजारो रुपयांच्या चिलखताला ते नाही. आईनेच टेप आणला. गुडघ्याच्या वाटीच्या वर वीतभर अंतरावर मांडीचा घेर, पोटरीचा सगळ्यात जाड भाग, कोपराच्या वर आणि खाली, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंतची उंची, ऊर्ध्व छाती, पूर्ण छाती, छातीखालचा घेर. सगळं एका वहीत लिहिलं. प्रत्येक कंपनी घेर वेगळ्या जागी मोजायला सांगते, त्यामुळे साइझ चार्टवरची आकृती बघून ती जागा गाठणं आवश्यक आहे. आकडा दोन मापांच्या मध्ये आला तर पॅड लहान घ्यावा आणि कापड ताणणारं आहे का ते पाहावं, हे मला पुष्कळ चाचपडल्यावर पटलं.

मग मागवणं. इंदूरच्या सायकल दुकानांत हे सामान घालून बघायला क्वचितच मिळतं. बाहेरून मागवलं तर कस्टम भरायचं, आणि बसलं नाही तर परत पाठवणं जवळजवळ अशक्य. ज्यांच्याकडे महिलांसाठी वेगळा साचा आहे त्यांचंच मागवायचं असं मी ठरवलं. खास महिलांसाठी सायकली बनवणारा 'लिव्ह' हा ब्रँड बॉनी टू यांनी तैवानच्या जायंट कंपनीत 2008 मध्ये सुरू केला, तेव्हापासून बाजार थोडा बदलला आहे. पण डाऊनहिलचं जड संरक्षण अजूनही मागेच आहे. शेवटी मावसबहिणीने जर्मनीहून येताना दोन मापांचे नी-पॅड आणले. त्यातला एक वाटीवर अगदी बरोबर बसला, मांडीला मात्र अजूनही काचत होता.

तो मी खजरान्यातच, दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आपांकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, शिवण बघितली, आणि माझ्या मांडीवर चढवून मला खाली बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. "यहाँ कली डाल देती हूँ," म्हणाल्या. मांडीच्या मागच्या बाजूला ताणणाऱ्या कापडाची त्रिकोणी कळी घातली, वरच्या कडेला माझ्या जुन्या सायकलिंग शॉर्ट्समधली सिलिकॉनची पट्टी आतून लावली, वेल्क्रो दोन बोटं पुढे नेला. मी एकच गोष्ट परत परत सांगितली: पॅडच्या फोमला सुई लागू द्यायची नाही, त्याचा कप्पा तसाच ठेवायचा. आघात झेलणारा फोम कापला, टोचला, पातळ केला की मानकाचा आकडा निरर्थक होतो. बाहीला, पट्ट्याला, कापडाला हात लावावा, फोमला कधीच नाही. आपांना हे एकदाच सांगून पुरलं असतं. त्यांनी कप्प्याच्या शिवणीभोवती खडूने रेघ आखून घेतली आणि त्या रेघेच्या आत गेल्याच नाहीत.

घरी पॅड तपासायची पद्धत आता माझ्या मैत्रिणींनाही पाठ आहे. पॅड घालून जिने उतरायचे, मग उतारावर उभं राहतो तसं वाकायचं आणि दुसरीला सांगायचं, दोन्ही हातांनी पॅड खाली ओढ. वाटीवरून हलला तर तो आपला नाही. पाठीचा पॅड घालून पूर्ण वाकायचं. खालची कड कंबरेला अडून वरची हेल्मेटला ढकलत असेल तर तो लांब आहे. हेल्मेट घट्ट बसवून डोकं हलवायचं, कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. अंबाडा चालत नाही, मानेलगत सैल वेणी चालते. वेणी घालूनच माप घ्यावं. डोंगरासाठीचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट साधारण किलोभर किंवा त्याहून कमी भरतं, स्कूटर-मोटारसायकलचं त्यापेक्षा जड आणि बंद. दिवसभर उतरताना मानेला हा फरक जाणवतो. त्यावर एएसटीएम एफ 1952 लिहिलेलं असेल तर हनुवटीच्या पट्टीचीही चाचणी झालेली असते. साध्या ईएन 1078 मध्ये तिची चाचणी नसते.

छातीचं मात्र अजून सुटलेलं नाही. सध्या मी तुकड्यातुकड्यांच्या मऊ फोमचं, समोर चेन असलेलं जाकीट वापरते. तुकडे वेगवेगळे हलतात म्हणून ते शरीराच्या गोलाईवर बसतं. त्याखाली घट्ट स्पोर्ट्स ब्रा असते. कडक फळीपेक्षा हे बरंच बरं, पण गळ्याच्या हाडांवर त्याचं झाकण नाही, आणि आमच्या खेळात तेच हाड पुष्कळदा मोडतं. याला उत्तर असलेलं, माझ्या मापाचं काही अजून माझ्या हाती आलेलं नाही.

2024 मध्ये रेड बुल रॅम्पेज या डोंगरउतारावरच्या सायकल स्पर्धेत पहिल्यांदा महिलांचा गट झाला. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स जिंकली. ते आम्ही मोबाइलवर बघितलं. माझ्या मामेबहिणीची चौदा वर्षांची मुलगी शेजारी बसून म्हणाली, "मावशी, मला पण." तिचे पाय माझ्यापेक्षा बारीक आहेत, मुलांच्या मापात पॅड सैल आणि बायकांच्या मापात लांब. तिची मापं वहीच्या पुढच्या पानावर लिहिली आहेत. या आठवड्यात तिला घेऊन आपांकडे जायचं आहे. नवे पॅड येईपर्यंत तिला सायकल घेऊन बायपासच्या पलीकडच्या मातीच्या उतारावरच सोडायचं, असं तिच्या आईशी आणि माझ्या आईशी बोलून ठरलं आहे.