चढणीचे मासे

‘केटी’ म्हटलं की आपल्या कॉलेजात प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. एम-थ्री राहिला की मेकॅनिक्स, एवढाच काय तो प्रश्न! आमच्या गावात मात्र केटी म्हणजे बंधारा. कोल्हापूर टाइप, म्हणून के.टी. फर्स्ट इयरचा रिझल्ट लागल्यावर मी भीतभीत घरी फोन केला. म्हटलं, "आई, एक केटी लागलीय." तर ती म्हणते, "आता आणि कुठं? आपल्या ओढ्यावर हाय की एक!" हा किस्सा हॉस्टेलवर अजून चालतो. असो. तो विषय पुढच्या सेमला सुटला. मी लिहिणार आहे ते दुसऱ्या केटीबद्दल, ओढ्यावरच्या. तिच्यात मी खरंच नापास झालो होतो, आणि त्याचं रिव्हॅल्युएशन होत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. गावाचा ओढा येरळेला मिळतो आणि येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला. हे वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर हिरवंगार काही आलं असेल तर त्याने २०१३ चा उन्हाळा आठवावा. मी नऊ वर्षांचा होतो. टँकर आला की शाळा सुटल्यासारखी सगळी पोरं हंडे घेऊन पळायची. ओढ्यात आम्ही क्रिकेट खेळायचो. पीच उत्तम होतं!

आम्ही भोई. आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, पिढीजात धंदा मासे धरायचा. मला कळायला लागल्यापासून मात्र त्यांचं जाळं पडवीतल्या खुंटीला टांगलेलं. आबा दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायचे आणि संध्याकाळी त्या जाळ्याच्या गाठी तपासत बसायचे. मी विचारायचो, "आबा, ओढ्यात पाणीच नाही तर जाळं कशाला नीट करताय?" ते म्हणायचे, "पाणी यायच्या दिवशी फाटकं निघालं म्हंजी?"

त्यांच्याकडून मी माशांची नावं शिकलो. मळ्या, कोळस, वाम, मरळ, शिंगटा. मळ्याच्या तोंडाखाली चकतीसारखं काहीतरी असतं, त्यानं तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. हे आबांनी मला एक वाळका दगड हातात धरून दाखवलं होतं, कारण दाखवायला मासा नव्हता.

पुढे कॉलेजच्या लायब्ररीत मला एक गंमत सापडली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि माशांना नावं देताना इथलीच नावं उचलली. त्यामुळे आपल्या मळ्याचं शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ आहे आणि कोळसाचं ‘हिप्सेलोबार्बस कोलस’. मी आबांना मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. आबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या सायबाला नाव कुणी सांगितलं आसंल? कुणीतरी भोयानंच की." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२०१८ साली मी नववीत होतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्या गावानं भाग घेतला. ८ एप्रिल ते २२ मे, असे ४५ दिवस श्रमदान. पहाटे पाचला भोंगा वाजायचा आणि अख्खं गाव टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर. ए-फ्रेमने समपातळी रेषा आखायच्या, त्यावर सलग समतल चर खणायचे, खाली दगडी बांध, त्याखाली माती नालाबांध. गणिताच्या तासाला झोपणारा मी तिथं उतार काढायला शिकलो. सिव्हिलला यायचं माझं ठरलं ते त्या डोंगरावर, कुठल्या करिअर गायडन्समध्ये नाही. आम्हाला बक्षीस-बिक्षीस काही मिळालं नाही. पण हळूहळू विहिरींचं पाणी वर आलं, ओढा दिवाळीनंतरही वाहू लागला. जुना के.टी. बंधारा गळत होता, तोही लोकवर्गणीतून दुरुस्त झाला. फेब्रुवारीत बंधाऱ्यात पाणी बघून लोक नारळ फोडायला आले होते.

आबा जाळं घेऊन गेले. तीन दिवस गेले. मिळाली ती चिलापी, आणि नंतरही चिलापीच. चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा. १९५० च्या दशकात भारतात आणला, आता साचलेल्या पाण्यात जिथं तिथं तोच. मळ्या नाही, कोळस नाही. मी म्हटलं, "आबा, पाणी आलंय, मासेही येतील." ते म्हणाले, "पाणी वरनं येतं बाळा. मासा खालनं येतो. त्याला वाट लागती." मी हसलो. म्हटलं, "वाट तर लागलेलीच आहे!" विनोद माझा मलाच आवडला होता. ते काय सांगतायत ते मला कळलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिरगाचा पहिला पाऊस झाला, ओढ्यांना गढूळ पाणी आलं की नदीच्या डोहांतले मासे उलट्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पोटात अंडी घेऊन. उथळ पाण्यात, गवतात, खडकांत अंडी सोडतात. हे चढणीचे मासे. कोकणात ह्यालाच वलगण म्हणतात. वर्षातले थोडेच दिवस हे चालतं. त्या दिवसांत वाट बंद असली तर त्या वर्षाची पिढी गेली.

आता के.टी. बंधारा बघा. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, मध्ये गाळे. पावसाळा संपता संपता गाळ्यांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. डिझाइन म्हणून फार हुशार गोष्ट आहे. वेळेवर बरगे काढले तर मासाही जाऊ शकतो. सगळा खेळ त्या ‘वेळेवर’चा.

थर्ड इयरच्या आमच्या इरिगेशनच्या सरांनी एकदा राजस्थानातल्या अरवरी नदीची गोष्ट सांगितली. अलवर जिल्ह्यात १९८५ पासून तरुण भारत संघ आणि राजेंद्र सिंह यांच्यासोबत लोकांनी जोहड, म्हणजे मातीचे छोटे तलाव, बांधायला सुरुवात केली. दहाएक वर्षांनी पावसाळ्यापुरती वाहणारी अरवरी बारमाही झाली. पाण्यात मासे झाले. आणि मासे झाल्याबरोबर, १९९६ मध्ये, सरकारने मासेमारीचा ठेका एका ठेकेदाराला दिला! जोहड बांधताना न दिसलेलं सरकार मासे दिसल्यावर आलं. गावकऱ्यांनी विरोध केला. स्वतः खाण्यासाठी नव्हे. तिथले बरेच जण मासे खातच नाहीत. आज मासे गेले तर उद्या पाणी जाईल, हे त्यांना कळत होतं. ठेका रद्द झाला. पुढे १९९९ मध्ये सुमारे ७० गावांनी मिळून ‘अरवरी संसद’ स्थापन केली आणि नदीचे नियम स्वतः ठरवले. सर म्हणाले, "लक्षात घ्या, भांडण पाण्यावरून नाही, माशांवरून सुरू झालं. नदी जिवंत आहे हे आधी मासा सांगतो." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. वहीतच राहिलं.

कारण त्याच सेमिस्टरला, एप्रिल २०२५ मध्ये, सरपंचांनी मला विचारलं, "इंजिनेर, बरगे कधी काढायचे?" मला कोण आनंद! मी एक्सेल शीट बनवली. साठा किती, झिरपा किती, बाष्पीभवन रोजचं ८ ते १० मिलिमीटर, मोटारी किती तास. ग्रामपंचायतीत प्रिंट नेऊन सांगितलं, की मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्याशिवाय येत नाही, तेव्हा ५ जूनपर्यंत बरगे राहू द्या. टाळ्या वाजल्या. आबा मागे बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "समदं मांडलंस. माशाचं न्हाई मांडलंस."

२०२५ चा मे सगळ्यांना आठवत असेल. मान्सून २६ मेला मुंबईत दाखल झाला, आणि त्याच्या आधीच आमच्या दुष्काळी पट्ट्यात धो धो पाऊस. मी पी.एल.साठी घरी होतो. रात्रीत ओढा भरून आला. बरगे बसलेलेच. पाण्याचा दाब इतका की ते खाचेत घट्ट आवळून बसले, काढायला उतरणं म्हणजे जीव घालवणं. सकाळी मी बंधाऱ्यावर गेलो तर खालच्या बाजूला पोरंबाळं, बायाबापड्या, सगळं गाव. कुणाच्या हातात मच्छरदाणी, कुणाच्या हातात गोणपाट, कुणाकडे नुसती काठी.

पाणी चंदेरी दिसत होतं. इतकी वर्षं नाहीत नाहीत म्हणत होतो ते मासे आले होते. कोळस होते, मळ्या होते. बरग्यांवरून पडणाऱ्या पाण्यात उड्या मारत होते, आपटत होते, परत मारत होते. मळे तेवढे ओल्या खांबाला चिकटून वितीवितीनं वर सरकायचे आणि मग कुणीतरी त्यांना हातानं वेचून घ्यायचं. दुपारपर्यंत पाटीच्या पाटी भरल्या. चिरलेल्या प्रत्येक माशात गाभोळी.

आबा काठावर बसून होते. जाळं आणलंच नव्हतं. मी जवळ गेलो. वाटलं, बोलतील, शिव्या देतील. ते म्हणाले, "आम्ही बी धरायचो की. चढणीचं मासं कुणी सोडत न्हाई. पर चार धरायचो, चाळीस जायाचे. वाट न्हाई आडवली कधी." मग जरा थांबून, "आले हुते बघ. तुमचं पाणी बघून आले हुते."

त्या रात्री मी ती एक्सेल शीट पुन्हा उघडली. बेरीज बरोबर होती. एकही चूक नव्हती. फक्त माशासाठी कॉलम नव्हता.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला माझ्या ग्रुपला दुसरा विषय हवा होता, प्लेसमेंटला बरा दिसेल असा. मी भांडून हा घेतला. मोजमाप केल्यावर कळलं, की नुसते बरगे काढून भागत नाही. बंधाऱ्याच्या खालचा तळ वर्षानुवर्षांच्या पुराने खरवडून गेलाय आणि काँक्रीटच्या फरशीखाली ६० सेंटिमीटरची पायरी तयार झालीय. आपल्याला ती पायरी, दहा सेंटिमीटरच्या माशाला ती भिंत.

गणित साधं आहे, सेकंड इयरचंच. छोटा मासा थोड्या वेळासाठी सेकंदाला आपल्या लांबीच्या साधारण दहापट वेगाने पोहू शकतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे १० सेंटिमीटरचा मासा, १ मीटर प्रतिसेकंद. वेगाचा वर्ग भागिले टू-जी केलं की उंची येते सुमारे ५ सेंटिमीटर. एका पायरीची उंची एवढीच हवी. ६० सेंटिमीटरला १२ पायऱ्या. दर मीटरला दगडांची एक आडवी ओळ, मध्ये विसाव्याचं पाणी, १२ मीटर लांब उतार, एकास वीस. फक्त एका गाळ्यासमोर. सिमेंट जवळजवळ नाही. जगभरात ‘फिश पास’ म्हणतात त्यातला हा सगळ्यात गरीब प्रकार.

खरी व्हायवा झाली १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत. एक काका उठले, "मासं जगवायचं का जनावरं?" प्रश्न चुकीचा नव्हता. १५ मेला बरगे काढायचे म्हणजे उरलेलं पाणी सोडून द्यायचं. ह्यावेळी मी शीटमध्ये तोही हिशेब केला होता. मेच्या मध्याला बंधाऱ्यात उरतं ते गुडघाभर पाणी, सगळ्या मोटारी लावल्या तर जेमतेम तीन दिवसांचं. जनावरांसाठी वरचा डोह आहे, तो उंबऱ्याच्या खाली असल्यानं बरगे काढले तरी रिकामा होत नाही. तरी कुरकुर झालीच. मग मी उठून सांगितलं, की मागच्या वेळी तारीख मी दिली होती आणि ती चुकली. सभा शांत झाली. गावात इंजिनीअरने चुकलो म्हणायची पद्धत नाही बहुतेक! शेवटी ‘यंदा करून बघू’ असं ठरलं. बरगे १५ मेला काढायचे, आणि पहिल्या पाण्याचे आठ दिवस बंधाऱ्यापाशी कुणी जाळं टाकायचं नाही. हा दुसरा नियम आबांनी सुचवला. भोयाने!

दिवाळीच्या सुट्टीत आमचा ग्रुप गावी आला. प्लेसमेंटवाला मित्रही आला, कुरकुरत. २०१८ चीच टिकाव-फावडी बाहेर निघाली. लेव्हल आम्ही लावत होतो आणि कुठला दगड कुठं बसेल ते आबा काठावरून ओरडून सांगत होते. सहाव्या ओळीतला एक मोठा दगड त्यांनी तीनदा काढायला लावला. "हितं पाणी फिरतंय, मासा चकल." ड्रॉइंगमध्ये तो दगड सरळ रेषेत आहे, ओढ्यात नाही. रिपोर्टमध्ये आम्ही ‘साइट कंडिशननुसार बदल’ असं लिहिलंय. गाईड सरांनी विचारलं तर आबांना व्हायवाला आणावं लागेल.

हे चालेल का? माहीत नाही. पहिल्याच पुरात दगड वाहून जातील असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत आणि मला झोप न येण्याचं तेही एक कारण आहे. गेल्या वर्षी जी पिढी पाट्यांमधून घरोघर गेली, तिच्यामागे खालच्या डोहात किती उरले असतील, हा त्याहून मोठा प्रश्न. माशांना आमच्या ग्रामसभेचा ठराव कुणी वाचून दाखवलेला नाही.

मित्रांनो, उद्या आपल्यातले कित्येक जण धरणं, रस्ते, पूल बांधतील. शीटवर सह्या करतील. तेव्हा एकदा काठावर मागे बसलेल्या माणसाला विचारा, ह्यात काय मांडायचं राहिलं. त्याला बहुधा माहीत असतं.

अंक हातात पडेपर्यंत १५ मे जवळ आलेला असेल. पेपर संपले की मी गावी जाणार आहे. आबांचा परवा फोन होता. म्हणाले, जाळ्याच्या गाठी तपासून झाल्यात. मी म्हटलं, "आबा, आठ दिवस जाळं टाकायचं नाही, तुम्हीच नियम केलाय."

"व्हय की," ते म्हणाले. "नवव्या दिवशी फाटकं निघालं म्हंजी?"