समाईक फोल्डर

आमच्या कोरेगावातल्या करसल्लागाराच्या ऑफिसात झेड ड्राइव्ह उघडला की अख्खा तालुका समोर येतो. एकंबे, किन्हई, चिमणगाव, रहिमतपूर, ल्हासुर्णे, वाठार स्टेशन... ज्या गावचं गिऱ्हाईक, त्या गावाचं फोल्डर. फाइली खऱ्या असतात एकाच मशीनवर, दाराजवळच्या. त्याला सगळे 'मेन' म्हणतात. बाकीच्या टेबलांना त्या निळ्या केबलीतून दिसतात. लाइट गेली, मेन बंद पडला, की झेडवर लाल फुली येते आणि तालुका गायब.

दुसऱ्याच्या यंत्रातली फाइल आपल्याच घरातली असल्यासारखी उघडता यावी, ही सोय 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या बॅरी फायगनबॉम यांनी रचली. तिचं नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि आज कोरेगावात जीएसटीची कागदपत्रं तिच्यावरच धावतात.

मला यात समाईक विहीर दिसते. विहिरीला पाळ्या असतात, तशा इथेही आहेत. एकाने एक्सेलची फाइल उघडली की दुसऱ्याला चिठ्ठी येते : फाइल अमक्याकडे आहे, वाचायची तर वाचा, बदल नको. गंमत अशी की बसवणाऱ्याने प्रत्येक मशीनवरच्या एक्सेलमध्ये वापरणाऱ्याचं नाव 'ॲडमिन' हेच घातलेलं. त्यामुळे चिठ्ठीवर नेहमी ॲडमिनच दोषी, आणि मार्चअखेरीला सगळ्या खोलीला उद्देशून हाक जाते, "कुणी उघडलीय एकंब्याची? बंद करा की वाईच!"

विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर अधिकारात लिहिलेला असतो. फोल्डरचे हिस्से मात्र कुणी लिहीत नाही. यादीतून 'एव्हरीवन' निवडायचं, 'फुल कंट्रोल'वर टिचकी मारायची, झालं काम. मग नव्या पोराचा हात डिलीटवर पडतो आणि सगळे रीसायकल बिन उपसायला धावतात. तिथे काही नसतं. दुसऱ्या मशीनवरून केबलीतून पुसलेली फाइल त्या पेटीत जातच नाही, थेट नाहीशी होते. हे बहुतेकांना फाइल गेल्यावरच कळतं.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, 'अपडेट नंतर' म्हणणारे बुडाले. तरी जुना स्कॅनर चालावा म्हणून ती आवृत्ती मुद्दाम चालू करून देणारे जाणकार अजून भेटतात. त्यांना चहा पाजा, मशीनला हात लावू देऊ नका.

आणि 'एव्हरीवन' आजच काढा. ज्याला नुसतं बघायचंय त्याला 'रीड' पुरे, लिहिणाऱ्यांची नावं वेगळी घाला. संध्याकाळी शटर ओढण्याआधी झेडची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि ती डिस्क मशीनला लावलेली ठेवू नका.